शेवटच्या थांब्यापुढची जागा

नव्या वर्षाची सुट्ट्यांची यादी शाळेत आली, की बाकीच्या शिक्षकांचे चेहरे खुलायचे आणि माझा उतरायचा. कारण ती यादी सगळ्यात आधी भूगोलाच्या बाईंच्या हातात जायची. त्या चष्मा कपाळावर चढवायच्या, लाल पेन्सिल काढायच्या आणि शुक्रवारी किंवा सोमवारी आलेली प्रत्येक सुट्टी शनिवार-रविवारशी एका कंसात बांधून टाकायच्या. अशा कंसाला त्यांचा शब्द होता, 'जोडसुट्टी'. सव्वीस जानेवारी सोमवारी आली, तर मात्र त्या कळवळून म्हणायच्या, "गेली! झेंडावंदनात गेली!"

वर्षाला असे चार-पाच कंस निघायचे. प्रत्येक कंसात बाई जंगलात असायच्या आणि मी घरात, जीव मुठीत धरून.

आमची शाळा सुरतेच्या उधन्यातली, मराठी माध्यमाची. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या कामगारांची. वर्गात मराठी बोलायची, मैदानावर हिंदी, दुकानात गुजराती आणि घरी आहिराणी. मी तिथे लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते, बाई पन्नाशीला टेकलेल्या. मूळच्या साक्री तालुक्यातल्या. लग्न झालं होतं, तीन वर्षांत माहेरी परत आल्या आणि मग नोकरीसाठी सुरतेला. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. खालच्या मजल्यावर भरतकामाची यंत्रं दिवसभर धडधडायची. त्यांच्या मांडणीवरची भांडी सतत बारीक थरथरत असायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हटलं, "बाई, तुम्हाला त्रास होत नाही का याचा?"

"होतो ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तर यादी बघते."

उंच, हाडकुळ्या, चालताना मान पुढे काढलेली. शाळेत कडक इस्त्रीची सुती साडी. जंगलात जाताना सलवार आणि वर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट, दोन्ही खिशांना बटणं. तंबू त्यांनी स्वतः शिवला होता. पांडेसऱ्याच्या एका मिलमधून रेनकोटच्या कापडाचे नापास झालेले तुकडे मिळवले होते, त्यामुळे त्याची एक बाजू हिरवी, एक जांभळी आणि पुढचा पडदा फुलाफुलांचा. "माणसानं बघितलं तर हसेल," त्या म्हणायच्या, "पण माणूस असेल तिथे मी तो लावणारच नाही."

माणूस नसलेली जागा शोधणं हा त्यांचा ध्यास होता. मोठ्या सुट्टीत सगळं सुरत बाहेर पडतं. कोणी डुमसला, कोणी दमणला, कोणी सापुताऱ्याला. कुणी शिक्षकखोलीत 'सनसेट पॉइंट' असा शब्द काढला, की बाई ओठ दुमडायच्या. पॉइंट म्हटलं, की त्यांच्या लेखी ती जागा संपली. जागा पास करायचे त्यांचे नियम होते आणि ते परीक्षेच्या नियमांपेक्षा कडक होते. वेफर्सचं पाकीट दिसलं तर नापास. देवळाचा झेंडा दिसला तर नापास, कारण आज ना उद्या तिथे भंडारा होणार. फोनला रेंजची एकही कांडी आली तर नापास. पाणी हवं, आणि ते जानेवारीतही हवं. हे सगळं जुळलं, की तिथे बसून त्या काय करायच्या? काहीच नाही. मी खोदून खोदून विचारलं होतं. "बसते," एवढंच उत्तर.

एकदा, फक्त एकदा, मी त्यांच्याबरोबर गेले. एका दिवसासाठी. नवऱ्याला तीन वेळा फोन करून आणि घरची गॅसची कळ दोनदा बघून. मला वाटलं होतं बाई नकाशा काढतील. त्यांनी नकाशा काढलाच नाही. जंगलाच्या तोंडाशी एक तालुक्याचं गाव आहे, तिथल्या एसटी डेपोत त्या उतरल्या आणि सरळ कंडक्टरांच्या बाकड्यावर जाऊन बसल्या. पाच मिनिटं कोणाशी बोलल्या नाहीत. मग शेजारच्या कंडक्टरला विचारलं, "भाई, छेल्ला स्टॉप पर कोण उतरे छे?"

तो म्हणाला, "कोई नहीं, बेन. बे डोशी ने एक बकरी."

दोन म्हाताऱ्या आणि एक बकरी, एवढंच ऐकून बाईंचा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं, "नकाशावर सगळ्या जागा सारख्याच दिसतात. गाडी कुठून रिकामी परत येते, ते कंडक्टरला माहीत असतं. शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि तिथून पुढे चालायचं."

आम्ही उतरलो आणि पुढे चाललो. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं, की वाळलेल्या सागाच्या पानांवर माझ्याच पावलांचा आवाज ऐकून मी दर दहा पावलांना मागे बघत होते. बिबट्या, साप, दारुडा, हरवणं, पाय मुरगळणं, सगळं माझ्या डोक्यात घडून गेलं होतं. बाई पुढे चालल्या होत्या, जणू उधन्याच्या भाजी बाजारातून. एका दगडावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. मी म्हटलं, "बाई, इथे काही झालं तर?"

"काय होईल?"

"म्हणजे पडलात, लागलं. हाक मारली तर कोण ऐकणार?"

त्यांनी दशमीचा तुकडा तोडला. "हाक मारावी लागू नये म्हणूनच येते ना मी," त्या म्हणाल्या.

मला हे उत्तर मुळीच पटलं नाही. मी हट्टच धरला, की यापुढे कुठे जाता ते मला सांगून जायचं. जागेचं नाव सांगायला त्या तयार नव्हत्या, काही केल्या नाही. शेवटी तडजोड म्हणून पाकीट निघालं. प्रत्येक जोडसुट्टीच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना त्या मला एक खाकी पाकीट द्यायच्या, डिंकाने नीट चिकटवलेलं. आत जागेचा पत्ता, रस्ता, सगळं. अट एकच. सुट्टी संपल्यावर शाळेच्या प्रार्थनेला त्या हजर नसल्या, तरच ते उघडायचं.

"आधी उघडलं तर?" मी विचारलं होतं.

"तर माझी जागा गेली."

चार वर्षं मी ती पाकिटं सांभाळली. देव्हाऱ्यामागे ठेवायचे. सुट्टीत घरातले सगळे मजेत असायचे, आणि माझं लक्ष देव्हाऱ्यामागे. भाकरी थापताना मनात यायचं, आता अंधार पडला असेल तिकडे. पंखा लावला, की यायचं, वारा सुटला असेल. नवरा चिडायचा. "ती बाई जंगलात झोपते मजेत, आणि तू इथे जागी." सुट्टीनंतर प्रार्थनेच्या रांगेत बाईंची पुढे काढलेली मान दिसली, की माझ्या खांद्यावरून कोणी पोतं उतरवल्यासारखं व्हायचं. मी पाकीट परत द्यायचे. त्या ते उजेडाकडे धरून चिकटवलेली कड बघायच्या आणि पर्समध्ये टाकायच्या.

पाचव्या वर्षी मी ते उघडलं.

दसऱ्याला लागून तीन दिवस आले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं आणि असा पाऊस लागला, की आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी. टीव्हीवर डांगातल्या नद्या दाखवत होते, तांबड्या, फुगलेल्या. मी तास-दीड तास सहन केलं. मग पाकीट काढलं, खाली ठेवलं, परत काढलं आणि शेवटी फाडलं. माझा दीर भरतकामाच्या कारखान्यात कामाला आहे, त्या दिवशी घरीच होता. त्याला कागद दिला आणि म्हटलं, "भाऊजी, जाऊन बघून या. नुसतं बघून या."

तो मित्राला घेऊन मोटारसायकलवर गेला. दुसऱ्या दिवशी रेंजमध्ये आल्यावर त्याचा फोन आला, "वहिनी, तुमच्या बाई कपारीखाली बसून चहा पिताहेत. मस्त आहेत. आणि काय जागा आहे, वहिनी!"

ती जागा त्याने मोबाईलवर काढली होती. धबधबा, कपार, फुलाफुलांच्या पडद्याचा तंबू, सगळं. वाईट हेतूने नाही, आवडली म्हणून. रात्रीपर्यंत ती फिल्म त्याच्या कारखान्यातल्या सगळ्यांकडे पोचली, आणि तिथून कुठे कुठे गेली ते त्यालाही सांगता येणार नाही.

दसऱ्यानंतर फाटलेलं पाकीट मी बाईंच्या हातात ठेवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत बाई तिथे परत गेल्या आणि त्याच दिवशी परत आल्या. शाळा सुरू झाली तेव्हा त्यांनी मला शिक्षकखोलीच्या कोपऱ्यात घेतलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त सांगितलं, "सत्तावीस मोटारसायकली होत्या. मी मोजल्या." आवाज चढला नव्हता. "एकाने स्पीकर आणला होता. झाडाला बांधला होता."

"बाई, मला खरंच वाटलं, की..."

"माहीत आहे मला. तुला काय वाटलं ते माहीत आहे."

एवढं बोलून त्या सातवीच्या वर्गावर गेल्या. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं नाही, डबाही पूर्वीसारखा वाटून खायच्या. पण उत्तराणची, म्हणजे संक्रांतीची, सुट्टी आली, सलग चार दिवसांची, तेव्हा शाळा सुटताना मी फाटकापाशी उभी राहिले आणि विचारलं, "बाई, पाकीट?"

त्या थांबल्या. माझ्या गालावर दोन बोटं टेकवली, असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "नको गं. तुला झोप लागत नाही."

ते चार दिवस मला जन्मभर पुरतील. उत्तराणला सुरतेत जमिनीवर कोणी नसतं, सगळे गच्चीवर. पतंग, गाणी, 'काप्यो छे'ची आरोळी, उंधियूच्या पातेल्यांचा वास. मी गच्चीच्या एका कोपऱ्यात बसून आभाळाकडे बघत होते आणि मला एकही पतंग दिसत नव्हता. आधी पाकीट होतं तेव्हा काळजीला निदान ठेवायला जागा होती. आता देव्हाऱ्यामागे काहीच नव्हतं.

सोमवारी सकाळी प्रार्थनेला बाई नव्हत्या.

बावीस वर्षांच्या नोकरीत त्या प्रार्थनेला एकदाही चुकल्या नव्हत्या. प्रार्थना चालू असतानाच मी त्यांचा फोन लावला, बंद. मुख्याध्यापक म्हणाले, "येतील हो. गाडी चुकली असेल." मी म्हटलं, "सर, त्यांची गाडी चुकत नाही." माझा आवाज एवढा वर गेला, की पुढच्या रांगेतल्या मुली वळून बघायला लागल्या. सरांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही जा. मी फोटो घेऊन पोलीस चौकीत जातो."

पोलिसांना काय सांगणार, की कुठे शोधा? कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि ते का ठाऊक नव्हतं, हे एकट्या मला ठाऊक होतं.

दिराला फोन केला. तो कारखान्यातून तसाच निघून आला, कपड्यांवर जरीचे कण घेऊन. मी मोटारसायकलवर मागे बसले. व्यारा रस्त्याला लागल्यावर त्याने एकदाच मान वळवून म्हटलं, "वहिनी, त्या बाईंना काही झालं असेल तर..." आणि वाक्य अर्धंच सोडलं.

बाई मला घेऊन गेल्या होत्या त्या डेपोत आम्ही साडेअकराला पोचलो. फलाटावरच्या पाटीवर गावांची नावं, एकाखाली एक. एवढी गावं, आणि प्रत्येक गावामागे डोंगर. मला रडू यायला लागलं. मग मी कंडक्टरांच्या बाकड्यावर जाऊन बसले, बाई बसल्या होत्या तशी, आणि डोकं चालवायचा प्रयत्न केला. बाई असत्या तर काय केलं असतं? गाडी रिकामी परत कुठून येते? विचारलं. उत्तर आलं, सणाच्या दिवसांत सगळ्याच गाड्या रिकाम्या येतात, बेन. पुढचं. जानेवारीत पाणी कुठे टिकतं? त्यावर दोघा-तिघांची आपसात चर्चा झाली आणि चार मार्ग उरले. देऊळ नाही असा? दोन उरले. त्यातल्या एकावर धबधबा आहे, पोरं येतात फोटो काढायला. म्हणजे तो नाही.

उरलेल्या मार्गाचा कंडक्टर चहा पीत होता. मी विचारलं, "उंच बाई. सलवारवर शर्ट घालतात."

"शर्टवाळां बेन?" त्याने कप खाली ठेवला. "गुरुवारे उतर्यां हतां. रिटर्नमां नथी जोयां."

गुरुवारी उतरल्या, परतीच्या गाडीत दिसल्या नाहीत. मी कंडक्टरला रस्ता विचारून घेतला.

शेवटचा थांबा म्हणजे एक हातपंप आणि वळायला मोकळी जागा. तिथून पायवाट निघत होती. मोटारसायकल लावून आम्ही चालायला लागलो. या वेळी मी मागे वळून बघितलं नाही. अर्ध्या तासाने टेकाडाच्या कुशीत सात-आठ घरं लागली, कुडाच्या भिंतींची. पहिल्याच अंगणात एक म्हातारी सुपात उडीद पाखडत होती. तिची बोली डांगी, पण माझ्या आहिराणी कानाला निम्म्याहून जास्त कळत होती. मी बाईंचं वर्णन सांगायला लागले. ते पूर्ण व्हायच्या आत ती म्हणाली, "बसणारी बाई?"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"ओळखत नाही. पण येते ना ती. सहा वर्षं झाली. त्या खिंडीपलीकडे पाण्याजवळ बसते. काल गेली असेल की परत."

"जाताना बघितलं तुम्ही?"

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "नाही. ती आली, की आम्ही तिकडे जात नाही."

मला कळेना. "का?"

"तिला एकटीला बसायचं असतं," म्हातारी म्हणाली, इतकं साधं, जणू हे कोणालाही कळेल. "पहिल्या वर्षी आमच्या म्हाताऱ्याने बघितलं. माणूस दिसलं, की ती सामान आवरायला लागते. एवढी लांबून येते बिचारी. म्हटलं, बसू दे. ती असेपर्यंत शेरडं आम्ही वरच्या अंगाला नेतो. पोरांनाही सांगून ठेवलंय, तिकडे आरडाओरडा करायचा नाही."

 दिराने मान खाली घातली. म्हातारीच्या चेहऱ्यावरही मग हळूहळू काहीतरी उतरत गेलं. ती उठली आणि घराकडे तोंड करून नवऱ्याला हाक मारली. "अहो, धूर बघितला होता का परवापासून तिकडे?"

आतून उत्तर आलं, "नाही. मला वाटलं गेली."

म्हातारा कोयता घेऊन पुढे, मागे आम्ही आणि गावातले आणखी तिघे. खिंडीतून उतरलो तर खाली झुडपांत हिरवं-जांभळं कापड दिसलं. मी धावले. तंबूत घडी केलेली चादर, पातेलं, पेन्सिल. बाई नव्हत्या. मी आयुष्यात ओरडले नव्हते तेवढ्या जोरात ओरडले, "बाई!"

काही नाही. पाण्याचा आवाज. परत ओरडले. मग खालच्या घळीतून ठण् असं ऐकू आलं. थोड्या वेळाने परत ठण्. लोखंड दगडावर आपटल्यासारखं.

बाई घळीत दोन दगडांच्या मध्ये बसल्या होत्या, पाठ टेकून. उजवा पाय नको तिथे वळला होता आणि सुजून घोटा दिसेनासा झाला होता. हातात स्टीलचा तांब्या, पार चेपलेला. ओठ फुटलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दिराकडे, आणि आवाजच नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या वर्गावर कोण गेलं आज?"

मी त्यांच्यापाशी बसले आणि हसायला लागले, की रडायला, मलाच कळलं नाही.

"शनिवारी संध्याकाळी पडले," त्या म्हणाल्या. "खूप हाका मारल्या गं. सातवीची हजेरी घेतली, मोठ्याने, सगळ्या बेचाळीस मुलांची. मग घसाच बसला." त्यांनी माझा हात धरला.  "खूप भीती वाटली. इथे कोणीच नाही."

 खिंडीपलीकडे घरं आहेत, हे त्या क्षणी मला सांगवेना.

बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. चौघांनी उचलली. खिंड चढून आलो आणि घरं दिसायला लागली, तेव्हा बाईंनी मान उचलली. अंगणं, कोंबड्या, वाळत घातलेले कपडे, दारात उभ्या बायका. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. "हे गाव इथे होतं?"

"होतं," म्हातारा म्हणाला.

म्हातारीने नागलीची आंबील आणली आणि चमच्या-चमच्याने पाजली. मग मी बाईंना सांगितलं. शेरडांचं, पोरांचं, सहा वर्षांचं. ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी म्हातारीला आहिराणीत विचारलं, "म्हणजे तुम्ही मला बघत होतात?"

"छे," म्हातारी म्हणाली. "तुला बघू नये म्हणूनच तर तिकडे येत नव्हतो."

शेवटच्या थांब्यावर जीप मागवून आम्ही बाईंना सुरतेला आणलं. पायात सळई घातली, चार महिने प्लास्टर, मग काठी. त्या दिवसांत मी रोज शाळा सुटली, की त्यांच्याकडे जायचे. एकदा भाकरी करत होते, तेव्हा त्या पलंगावरून म्हणाल्या, "त्या म्हातारीचं नाव काय गं?" मला माहीत नव्हतं. घाईत विचारलंच नव्हतं. "सहा वर्षं," त्या म्हणाल्या, "आणि नाव माहीत नाही." आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

दिवाळीच्या सुट्टीत त्या म्हणाल्या, "चल." आधी बाजारात नेलं, म्हातारीसाठी साडी घ्यायला. त्या एका साडीसाठी आम्ही अकरा दुकानं फिरलो. ही भडक आहे, ही नेसायला जड होईल, तिला हिरवी आवडेल का, तिला वाटेल का की आपण फेडायला आलोय? बिबट्याच्या जंगलात एकट्या झोपणारी बाई, दुकानाच्या काउंटरला धरून घामाने भिजली होती. शेवटच्या थांब्यावर उतरल्यावर तर त्या हातपंपापाशीच थांबल्या. पदर, म्हणजे शर्टाची कॉलर, नीट केली. "काय बोलायचं असतं गं अशा वेळी?"

"नाव विचारा आधी," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं. म्हातारी तोंडावर हात ठेवून हसली आणि नाव सांगितलं. साडी हातात घेऊन काठावरून बोट फिरवलं आणि आत जाऊन ठेवून आली. आम्हाला कोरा चहा दिला. बाई अंगणात खाटेवर बसल्या, पोरांनी भोवती गर्दी केली, कोणी काठीला हात लावून बघितला, कोणी पायाचा व्रण. बाईंनी त्यांना इयत्ता विचारल्या. मग इयत्ता संपल्या. बाई काठी एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायला लागल्या. मला कळलं, त्यांना आता सोसवत नाहीये. म्हातारीला माझ्या आधी कळलं. ती पोरांना म्हणाली, "चला रे, शेरडं घेऊन वर जा." आणि बाईंना म्हणाली, "जा तू. बस तिकडे."

बाई उठल्या. मीही उठले. "बाई, एकट्या?"

त्यांनी काठीने खिंडीच्या अलीकडचा एक मोठा साग दाखवला. "त्याच्या पलीकडे जात नाही. हाक मारली तर इथे ऐकू येईल, तेवढ्यावरच बसते."

त्या गेल्या, लंगडत, मान पुढे काढून. सागामागे दिसेनाशा झाल्या. मी म्हातारीबरोबर अंगणात बसून उडीद निवडायला घेतले, पण डोळे त्या वाटेवर. किती वेळ गेला कोण जाणे. आणि एकदम तिकडून आवाज आला, मोठा, वर्गातला, "अगं ए!"

मी अशी उठले, की मांडीवरचं सूप उपडं झालं. "काय झालं, बाई?" मी जीव खाऊन ओरडले.

 मग उत्तर आलं, "काही नाही! ऐकू जातं का, ते बघितलं!"

म्हातारी खो-खो हसायला लागली. मी खाली बसले आणि अंगणभर सांडलेले उडीद वेचायला लागले.